झाशीचं नवं शहर आणि पाणी

झाशीत लक्ष्मीताल या तलावाच्या काठी राजे गंगाधररावांची छत्री आहे. बुंदेलखंडात असे तलाव चंदेल राजांच्या काळापासून बांधले गेले, कारण इथं जमिनीखाली कठीण ग्रॅनाइट आहे. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. उरलेलं बेतवा नदीकडे धावतं.

आता झाशीजवळ 33 गावांच्या जमिनीवर नवं औद्योगिक शहर उभं राहणार आहे. त्यासाठीचं प्राधिकरण 2023 मध्ये स्थापन झालं. उत्तर प्रदेशच्या 2019 च्या भूजल कायद्यानुसार औद्योगिक, व्यावसायिक आणि मोठ्या वापरकर्त्यांना उपशासाठी नोंदणी व ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. हे योग्यच आहे, पण नुसत्या कागदानं पाणी मुरत नाही.

शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी! ते खडी-वाळू भरलेल्या गाळणखड्ड्यातून गाळून जमिनीत मुरवता येतं. खडी-वाळूत गाळ साचला की खड्डा तुंबतो. म्हणून मृगाआधी तो उपसून घ्या, पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाहेर सोडा. आणि नवं घर घेताना, किल्ली हातात घेण्याआधी, बिल्डरला गाळणखड्डा उघडून दाखवायला सांगा.