माळावर वसलेली वाडी
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देऊळ पुन्हा उभे राहिले. पण गाव कशाने उभे राहते? किर्लोस्करवाडी पाहा. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. तेथे निवडुंग आणि साप. १९१० साली पंचवीस कामगार बिऱ्हाडांसह आले. लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली. शिक्षा भोगून सुटलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. अशा विश्वासावर वाडी वसली. पुढे स्टेशनलाही तिचेच नाव मिळाले.

आपल्या देवळाच्या पायरीवरही गावाने दूर लोटलेल्या माणसाला जागा असावी, एवढीच हात जोडून विनंती.