कडेवर रेंगाळलेली उष्णता
(हीरक महोत्सवी सोहळ्यातील एका माजी विद्यार्थ्याचे भाषण)



बेळ्ळंदूर येथील माझ्या छोट्या कारखान्यातून आम्ही एकदा स्टेनलेस स्टीलचे पत्रे प्लाझ्माने कापून दिले. काही महिन्यांतच कापलेल्या कडांवर गंज उमटला. चूक आमचीच होती. पत्रे स्वखर्चाने बदलून दिले.

हे पोलाद उष्णता सावकाश वाहून नेते. त्यामुळे ती कडेशीच साठते. तेथे काळपट थर धरतो आणि त्याखालचे क्रोमियम उणावते. शिवाय सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये धातू रेंगाळला, तर क्रोमियम कार्बनशी संयोग पावते. गंज रोखणारे क्रोमियमच असे खर्ची पडते.

आता आम्ही कमी कार्बनचा ३०४ एल पत्रा वापरतो, टॉर्च रेंगाळू देत नाही, पाण्याच्या टेबलावर कापतो, लगतचे भाग सलग कापत नाही आणि काळवंडलेली कड घासून काढतो.

या शाळेत गुरुजी चुकलेले गणित खोडू देत नसत. शेजारी चुकीचे कारण लिहायला लावत. त्या गंजलेल्या पत्र्यासमोर मला तीच वही आठवली. त्या वहीचे ऋण मान्य करून मी आपली रजा घेतो.