सिलिकॉनचे टोक आणि निर्वात



जिच्या नावातच दाणा आहे अशा या ओळीत मी एका टोकाविषयी बोलणार आहे. गव्हाच्या दाण्याच्या लांबीचे पाच लाख भाग केले, तर एक भाग जेवढा होईल तेवढे ते बारीक असते.

जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये तार तापवून इलेक्ट्रॉन बाहेर काढीत. टोक पुरेसे अणकुचीदार असेल, तर तापविण्याची गरज नाही. थोड्या व्होल्टेजनेही तेथील विद्युतक्षेत्र मिलिमीटरला काही दशलक्ष व्होल्ट होते, पृष्ठभागावरील ऊर्जेची भिंत पातळ होते आणि इलेक्ट्रॉन ती न चढता तिच्यातूनच पार जातात. फाउलर व नॉर्डहाइम यांनी १९२८ साली याचे गणित मांडले.

सिलिकॉनच्या चकतीवर ऑक्साइडच्या इवल्या टोप्या ठेवून भोवतालचा भाग कोरतात. टोपीखाली अरुंद मान उरते. मग सुमारे ९०० अंशांच्या भट्टीत तिच्यावर ऑक्साइड चढवितात आणि तो हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढतात. आत टोक उरते. पेन्सिल तासावी तसेच, फक्त पात्यावाचून!

खरी कसोटी पुढे आहे. पुणे विद्यापीठात प्रा. दिलीप जोग व प्रा. महेंद्र मोरे यांनी नाना पदार्थांच्या अशा उत्सर्जनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील मोजमापांत दाब वातावरणाच्या शंभर अब्जांश भागाइतका उतरवितात. व्होल्टेजबरोबर प्रवाह कसा वाढतो ते पाहतात आणि नंतर प्रवाह काही तास स्थिर राहतो का, तेही नोंदवितात. ही दुसरी नोंद मला अधिक मोलाची वाटते. केवळ सर्वाधिक प्रवाहाचा आकडा छापणाऱ्या निबंधावर माझा विश्वास बसत नाही.

कारण निर्वात कधीच पुरते रिते नसते. उरलेल्या वायूचे रेणू टोकावर बसतात, उडतात; प्रवाह थरथरतो. काही रेणूंचे आयन होऊन ते टोकावरच आदळतात. सिलिकॉनवर तर हवेच्या स्पर्शानेच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. एखादी ठिणगी पडली की महिन्याभराचे काम क्षणात बोथट होते. असे टोक मी स्वतः गमावले आहे, आणि तेही घाईने व्होल्टेज वाढवून.

मग धातू सोडून हा हट्ट का? मॉलिब्डेनमचे शंकू स्पिंट यांनी १९६८ मध्येच केले होते. पण सिलिकॉनमध्ये प्रत्येक टोकाखाली त्याच पदार्थाचा बारीक, उंच खांब ठेवता येतो. तो प्रवाहाला मर्यादा घालतो. त्यामुळे हजारोंतील एकच टोक सारा प्रवाह ओढून जळत नाही.