खोडदच्या शिवारातून

(विज्ञान संमेलन, नारायणगाव : स्वागताध्यक्षांचे भाषण)



 शिवनेरी, नाणेघाट, द्राक्षबागा आणि तमाशाची पंढरी ही आमच्या जुन्नर तालुक्याची ओळख आपण जाणताच. पण ज्या दशकाचा आढावा घ्यायला आपण जमलो आहोत, त्यातली एक मोठी गोष्ट इथून जवळच, खोडदच्या माळावर घडली. मी द्राक्ष बागायतदार आहे, शास्त्रज्ञ नाही. तरीही यजमान या नात्याने ती सांगण्याचा मान मी घेतो.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून इथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. चौदा खोडदला एकत्र, बाकीच्या सोळा तीन दिशांना, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात पांगलेल्या. भरीव पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून त्यांनी खर्च आणि वाऱ्याचा भार दोन्ही कमी केले. सप्टेंबर २०२० मध्ये ते गेले. पुढची बातमी ऐकायला ते हवे होते.

ती बातमी २९ जून २०२३ ची. विश्वात अतिशय मंद लयीच्या गुरुत्वीय लहरी सतत पसरत असल्याचा पुरावा त्या दिवशी युरोप, अमेरिका, चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी एकाच वेळी मांडला. युरोपीय गटाच्या बरोबरीने भारतीय गट होता आणि त्याची निरीक्षणे खोडदची होती. ही निरीक्षणे स्पंदक ताऱ्यांची. त्यांतले काही सेकंदात शेकडो वेळा फिरतात आणि त्यांचे रेडिओ ठोके अचूक वेळेला येतात. लहर गेली की हे ठोके सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाने मागेपुढे होतात. एक लहर पुरती जायला वर्षे लागतात, म्हणून युरोपीय गटाची नोंदवही जवळपास पंचवीस वर्षांची आहे. अडचण अशी की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळेही ठोके रेंगाळतात, आणि कमी वारंवारतेवर जास्त रेंगाळतात. हा उशीर नेमका मोजून वजा केला नाही, तर लहरीचा मागच लागत नाही. कमी वारंवारतेवर इतके बारकाईने ऐकणारा कान खोडदला आहे. आपला वाटा इथे कळीचा ठरला. अंतिम शिक्कामोर्तबासाठी आणखी नोंदी हव्यात, असे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात. हा सचोटीचा धडा मुलांनी इथूनच घ्यावा.

या लहरी बहुधा सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाच्या कृष्णविवरांच्या जोड्यांतून येतात. लहान कृष्णविवरांच्या धडकेची लहर क्षणात निघून जाते. ती पकडणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकाच राज्यात दोन्ही प्रकारच्या लहरी ऐकायची सोय होईल, याचा मला फार अभिमान वाटतो.

चांद्रयान-३, पुण्याच्या आयुकाने घडवलेली आदित्य-एल१ वरची दुर्बीण, आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालयाने देशातच तयार केलेली रक्ताच्या कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती, या विषयांवर जाणकार बोलतीलच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. खोडदच्या दुर्बिणीला रेडिओ शांतता लागते, म्हणजे आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट चालत नाही, आणि त्या शांततेची किंमत हा भाग मोजतो. पुणे–नाशिक वेगवान रेल्वेची आखणी दुर्बिणीजवळून जात होती, म्हणून अडली. आम्हाला रेल्वे हवी आहे आणि दुर्बीणही हवी आहे. रेल्वेला दुसरा मार्ग काढता येतो. तीस अँटेना उचलून दुसरीकडे नेता येणार नाहीत.

पण ज्यांच्या शिवारात ही शांतता पाळली जाते, त्यांच्या मुलांना त्या अँटेना काय ऐकतात हे मराठीतून समजले पाहिजे. विज्ञान दिनाला खोडदला मुलांची गर्दी लोटते. बाकीचे वर्ष तसेच जाते. म्हणून स्वागत कक्षात आम्ही तालुक्यातल्या शाळांची यादी ठेवली आहे. आलेल्या प्रत्येक शास्त्रज्ञाने आणि लेखकाने जाण्यापूर्वी एका शाळेपुढे आपले नाव आणि सोयीची तारीख लिहावी. ने-आण आणि मुक्काम आमच्याकडे.