चहाच्या टेबलावरचा धूर



चिटणिसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘उपाहारगृहातील धूम्रपान’ असे सांगितले. ते क्षणभर गप्पच राहिले. ज्या व्यासपीठावर वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत सारे विषय होतात, तेथे हा चहाच्या टेबलावरचा विषय कसा शोभावा, असे त्यांना वाटले असावे. परंतु माणसाचे बरेचसे नीतिशास्त्र चहाच्या टेबलावरच कसोटीला लागते, अशी माझी समजूत आहे; आणि ती मला एखाद्या ग्रंथाने नव्हे, एका हॉटेलवाल्याने करून दिली.

ही १९९८ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या गावी एस. टी. स्टँडासमोर दहाबारा टेबलांचे एक उपाहारगृह होते. शाळा सुटली की आम्ही चौघे मास्तर तेथे जमत असू. चहा झाला की सिगारेट पेटायची. होय, मीही ओढीत असे. तेव्हा आज मी बोलतो आहे ते सोवळे नेसून बोलतो आहे, असे समजू नका. एके दिवशी भिंतीवर नवी पाटी दिसली: ‘येथे विडी-सिगारेट ओढू नये.’ आम्ही हसलो. आपल्याकडे हॉटेलातल्या पाट्या वाचायच्या असतात, पाळायच्या नसतात. ‘राजकारणावर चर्चा करू नये’ या पाटीखाली बसूनच आम्ही कितीतरी मंत्रिमंडळे पाडली होती! मी काडी ओढली, तोच शेठ गल्ला सोडून आमच्या टेबलापाशी आले.

“मास्तर, सिगारेट बाहेर.”

“अहो शेठ, वीस वर्षांचं गिऱ्हाईक मी!”

“म्हणूनच तुम्हांला सांगतो. तुम्ही अर्धा तास बसता आणि घरी जाता. आमचा वाढपी सकाळी सातला येतो आणि संध्याकाळी पाचला जातो. त्यानं जन्मात विडीला बोट लावलं नाही, आणि रात्रभर खोकत असतो. डॉक्टर विचारतात, दिवसाला किती ओढतोस? त्यानं काय सांगावं? चहाचे पैसे तुम्ही देता, मास्तर. धुराचे तो देतो.”

मी सिगारेट विझवली. पटले म्हणून नव्हे, लाजेने. ज्याच्या हातचा चहा मी वीस वर्षे पीत आलो, तो माणूस तेथे नोकरीला आहे, आणि मी ज्याला विसाव्याची जागा म्हणतो ते त्याचे कामाचे ठिकाण आहे, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती.

मंडळी, आजच्या व्याख्यानात मला सांगायचे ते एवढेच. उपाहारगृहातील धुराचा वाद आपण नेहमी ओढणारे गिऱ्हाईक आणि न ओढणारे गिऱ्हाईक यांच्यातला समजतो. परंतु न ओढणारे गिऱ्हाईक उठून जाऊ शकते. वाढप्याने उठून कोठे जावे?

शेठजी म्हणाले ते धुराचे बिल केवढे मोठे असू शकते, हे मला पुढे कॅनडातील एका बाईंच्या हकिकतीवरून कळले. त्यांचे नाव हेदर क्रो. त्यांनी चाळीस वर्षे उपाहारगृहांतून वाढपाचे काम केले. स्वतः कधी सिगारेट ओढली नाही. २००२ साली त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, आणि तोही शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. ओंटारिओ प्रांतातील कामगार-विमा मंडळाने हा रोग कामाच्या ठिकाणच्या धुरामुळे झाला, असे मान्य करून त्यांचा भरपाईचा दावा मंजूर केला. गिरणीत हात तुटलेल्या कामगाराइतकाच त्यांचा हक्क खरा ठरला. मग उरलेले आयुष्य त्यांनी देशभर हिंडून एकच मागणी करण्यात घालविले: प्रत्येक कामाची जागा धूरमुक्त करा. २२ मे २००६ रोजी त्या वारल्या. ओंटारिओचा धूरमुक्तीचा कायदा ३१ मे रोजी अमलात आला. अवघ्या नऊ दिवसांचे अंतर!

आता कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या धुराने खरोखर एवढे होते काय? जपानमध्ये हिरायामा नावाच्या शास्त्रज्ञांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवली. ज्यांचे पती फार ओढीत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. हे १९८१ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९८ साली कॅलिफोर्नियात मद्यालयांत धूम्रपानबंदी आली, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को शहरातील ५३ मद्यपरिचारकांची आधी व नंतर तपासणी झाली. आधी खोकला, धाप अशा तक्रारी ३९ जणांना होत्या. बंदीनंतर थोड्याच आठवड्यांत त्यांपैकी २३ जणांच्या तक्रारी नाहीशा झाल्या. औषध कोणते दिले? फक्त स्वच्छ हवा!

दुसरा आक्षेप धंद्याचा. तो मी हसण्यावारी नेत नाही, कारण हॉटेल चालविणे सोपे नाही. आमच्या चौघांपैकी दोघे समोरच्या टपरीवर गेले ते गेलेच, आणि शेठजींनी ते नुकसान मुकाट्याने सोसले. परंतु २००३ साली अशा ९७ अभ्यासांची छाननी झाली. ज्यांची पद्धत काटेकोर होती, त्यांत विक्री घटल्याचे दिसले नाही. घट दाखविणाऱ्या अभ्यासांमागे बहुधा तंबाखूच्या धंद्याचाच पैसा होता. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने देशातील सर्व कामाच्या बंदिस्त जागांत, मद्यालयांतसुद्धा, धूम्रपान बंद केले, तेही कामगाराच्या आरोग्याचे कारण पुढे ठेवून.

आपल्या देशातील कायद्याला मात्र हा कामगार दिसायला वेळ लागला. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारा आदेश दिला. २००३ साली संसदेने कायदा केला; परंतु तीस वा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवण्याची मुभा त्यात राहिली. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाच्या जागाही स्पष्टपणे बंदीखाली आणल्या, आणि टेबलावर रक्षापात्र किंवा काडेपेटी ठेवण्यासही मनाई केली. पण त्या वेगळ्या खोलीत चहा कोण नेणार? वाढपीच! तेथे काहीही वाढू नये, हा नियम २०१७ साली झाला. म्हणजे २००१ पासून सोळा वर्षांनी कायद्याची नजर गिऱ्हाइकावरून वाढप्याकडे वळली. आणि अजूनही त्या खोलीत सकाळी केरसुणी घेऊन कोणीतरी जातच असेल. आमच्या शेठजींना मात्र हे सारे दिसायला ना न्यायालय लागले ना संसद. एका खोकल्याचा आवाज पुरला.

त्या वाढप्याचा खोकला पुरता गेला नाही. झालेली हानी पाटीने भरून येत नसते. पण तो रात्री झोपू लागला, एवढे त्यानेच मला सांगितले. मी सिगारेट सोडली ती त्यानंतर दोन वर्षांनी, आणि त्याचेही श्रेय मी त्या पाटीलाच देतो.

तेव्हा माझी आपणांस विनंती एवढीच: उद्या आपण उपाहारगृहात जाल, तेव्हा शेजारच्या टेबलावर कोणी काडी ओढली तर ‘मला त्रास होतो’ असे म्हणू नका. चहा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवा, आणि म्हणा, “यांना त्रास होतो.” कारण नोकरीच्या भीतीने हे वाक्य त्याला स्वतःला बोलता येत नाही, ते आपणच बोलले पाहिजे.