राखेनंतरची जमीन कोणाची?

(घोलवड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



वीजकेंद्र उभे राहते तेव्हा मंत्री येतात. ते मोडले जाते तेव्हा भंगारवाला येतो. मधल्या काळाचा जमाखर्च मात्र कोणी मागत नाही. डहाणूच्या जनतेने तो आताच मागितला पाहिजे.

डहाणूच्या खाडीकाठचे 500 मेगावॉटचे औष्णिक केंद्र 1995 साली सुरू झाले. वीज मुंबईच्या उपनगरांना गेली. धूर आणि राख डहाणूच्या वाट्याला आली. नियामक आयोगांच्या हिशेबी अशा केंद्राचे उपयुक्त आयुष्य 25 वर्षांचे असते. ते केव्हाच उलटले. आणखी काही वर्षे केंद्र चालेलही. परंतु कोळशाचे युग ओसरत आहे. दिल्लीचे बदरपूर केंद्र 2018 साली बंद झाले. ब्रिटनने आपले अखेरचे केंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद केले.

तथापि जुने गेले म्हणजे चांगलेच येते असे नव्हे. कोराडीत जुन्या संचांच्या बदल्यात पुन्हा कोळशाचेच 660 मेगावॉटचे दोन संच उभारण्याचा प्रस्ताव आला आणि मे 2023 मध्ये त्यावर जनसुनावणी झाली. चिमणी बदलते, धोरण बदलत नाही.

आता मालकीचा प्रश्न. वीजदर ठरविताना यंत्रसामग्रीच्या किमतीपैकी 90 टक्के रक्कम घसारा म्हणून ग्राहकाकडून वसूल होते. उरलेले 10 टक्के भंगाराचे मूल्य. म्हणजे केंद्राची किंमत ग्राहकाने हप्त्याहप्त्याने फेडलेली असते. जमिनीला मात्र घसारा नसतो. तिचे मोल वाढतच जाते. ऑगस्ट 2024 मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाल्यापासून या किनाऱ्याच्या जमिनीवर कोणाचे डोळे आहेत, हे सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक गरजेच्या नावाने वापरलेली जागा गरज संपताच खाजगी नफ्याची व्हावी, हा कोणता न्याय?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. केंद्र मोडण्याचा व राखेचे तळे निर्धोक करण्याचा खर्च ते चालू असतानाच बाजूला काढून ठेवावा. कंत्राटी कामगारांसह सर्वांच्या पर्यायी रोजगाराची हमी द्यावी. उपकेंद्र आणि 220 केव्हीच्या वाहिन्या तयारच आहेत. त्यांवर सौरवीज व बॅटरीसाठा उभा राहू शकतो. त्या विजेत पहिला वाटा आदिवासी पाड्यांचा असावा. आणि हा तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने 1996 च्या पेसा कायद्याला स्मरून ग्रामसभेला विचारल्यावाचून काहीही ठरू नये.

हे अशक्य नाही. 1991 साली डहाणू पर्यावरणदृष्ट्या नाजूक तालुका घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. धुरातील गंधक काढणारे संयंत्र बसवावे, असा आदेश त्याने 1999 साली दिला. ते बसले 2007 साली. आठ वर्षे लागली. पण बसले, कारण बागायतदार आणि आदिवासी यांनी पाठपुरावा सोडला नाही.

घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चिकूची माती राखायची असेल, तर चिमणी उतरण्याची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय कार्यकर्त्यांनी आणावा.