मंडालेला आम्ही काय पाहिलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चेअरमनसाहेबांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "सर, परदेश प्रवासावर बोला. हलकंफुलकं असू द्या." आता आपल्या सोसायटीत परदेश काही नवीन राहिलेला नाही. कुणाची मुलगी अमेरिकेत, कुणाचा जावई दुबईत, आणि द्राक्षवाले तर आपल्या पेट्यांच्या मागोमाग युरोपात जाऊन आलेले. म्हणून मी ब्रह्मदेश निवडला. आजचं त्याचं नाव म्यानमार. तिथे आपल्यापैकी दुसरं कुणी गेलेलं नाही, त्यामुळे माझं चुकलं तरी पकडणारं कुणी नाही! हलकंफुलकं होईलच, याची मात्र खात्री देत नाही.

मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. दरवर्षी एका ओळीवर खडू झिजवला: टिळकांना सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग, गीतारहस्य. मुलं विचारत, सर, मंडाले कुठे आहे? मी नकाशावर बोट ठेवायचो. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता बोट नको, पाय ठेवायचा. एका यात्रा कंपनीची जाहिरात दिसली, आम्ही दोघांनी पैसे भरले. आमच्या कांदाचाळीवरच्या माणसाने विचारलं, "मास्तर, बर्माले काबर चालनात? तठे काय शे?" त्याला म्हटलं, तुझ्या ताटातली डाळ तिथली आहे. आणि ते खोटं नव्हतं. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या उडदातला फार मोठा वाटा ब्रह्मदेशाचा असतो, आणि तूरही तिथून येते. म्हणजे राजकारणी लोकांनी दार बंद केलं तरी डाळीला वाट मोकळी होती.

गोष्ट 2010च्या जानेवारीतली. त्या वेळी तिथे लष्कराचं राज्य होतं, 1962 पासून या ना त्या रूपात चालत आलेलं. अमेरिका आणि युरोपने निर्बंध घातलेले. आँग सान सू ची घरात स्थानबद्ध. या बाई दिल्लीच्या लेडी श्रीराम कॉलेजात शिकलेल्या, हे आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे. पर्यटकांनी आमच्या देशात येऊ नये, तुमचा पैसा जनरलांच्या खिशात जातो, असं त्यांचा पक्ष बरीच वर्षं सांगत होता. हे मला जाण्यापूर्वी माहीत होतं का? होतं. मी वाचलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. टिळकांच्या दर्शनाला जातोय, त्यात कसलं राजकारण, असं स्वतःला समजावलं.

पहिला धडा पैशाचा. तिथे तेव्हा परदेशी माणसाला एटीएम नाही, कार्ड चालत नाही. रोख डॉलर न्यायचे, तेही कोरे. नोटेला घडी नको, डाग नको, पेनाची रेघ नको. हिने काय करावं? सगळ्या नोटा माझ्या गीतारहस्याच्या पानांत घालून वर उशी ठेवली. त्या ग्रंथाचा इतका नेमका उपयोग मीही कधी केला नव्हता. यांगूनला पोचलो तर सरकारी भावाने एका डॉलरला सहा क्यात, आणि बाजारात हजार. शंभर डॉलरचे सरकारी हिशेबाने सहाशे क्यात, त्यात दोन-तीन चहा. आणि कापडदुकानाच्या मागच्या खोलीत एक लाख. सगळे त्या मागच्या खोलीतच जात, आम्हीही गेलो. बाजारातला एक म्हातारा हिंदी बोलणारा भेटला, त्याचे आजोबा बिहारहून आलेले. तो म्हणाला, 1987 मध्ये सरकारने 25, 35 आणि 75च्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या, बदली काहीच दिलं नाही. मग 45 आणि 90च्या नोटा काढल्या, कारण जनरल ने विन यांना नऊ हा आकडा लाभायचा म्हणे. आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे पैसे त्यात गेले होते. पुढे 2016च्या नोव्हेंबरात आपल्या बँकेच्या रांगेत उभा असताना मला तो आठवला. आपल्याला निदान बदलून तरी मिळत होत्या.

रस्त्यावरची गंमत सांगतो. 1970 मध्ये त्यांनी वाहनं डावीकडून उजवीकडे नेली, पण गाड्या जुन्या जपानी, स्टिअरिंग उजवीकडेच. त्यामुळे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही. शेजारी बसलेला क्लीनर मान बाहेर काढून सांगणार, जा किंवा थांब. बसचं दार उघडतं ते रस्त्याच्या मधोमध. मोबाईलचं सिमकार्ड हजार डॉलरच्या वर, म्हणून फुटपाथवर टेबल मांडून, त्यावर साधे फोन ठेवून बायका बसलेल्या, मिनिटावर पैसे. सगळे लुंगीत, तिला लोंजी म्हणतात. आमच्यातले मालेगावचे एक गृहस्थ प्रत्येक दुकानात कापड चिमटीत धरून पाहायचे. बायकांच्या गालांवर थनाखाचा पिवळसर लेप. थनाखा म्हणजे झाडाची साल, सहाणेवर उगाळून लावतात. हिने तो पहिल्याच दिवशी लावून घेतला आणि तिच्याभोवती बायका जमल्या. भाषा नाही, तरी अर्धा तास गप्पा! माझ्यापेक्षा तिलाच तो देश जास्त कळला असावा.

गरिबी होती. पण आपल्या बागलाणच्या माणसाला गरिबी पाहून धक्का बसत नाही, लोडशेडिंग पाहून तर अजिबात नाही. धक्का वेगळ्याने बसला. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे 2008च्या मे महिन्यात, इरावतीच्या मुखाशी नर्गिस वादळ आलं होतं. सव्वा लाखाहून जास्त माणसं गेली. बाहेरची मदत जहाजांतून येऊन उभी, आणि सरकारने कित्येक दिवस तिला वाट दिली नाही. त्याच आठवड्यात नव्या घटनेसाठी मतदान मात्र उरकलं. मी ऐकत होतो आणि डोळ्यासमोर आपलं मंदिर. आपण देव मामलेदारांच्या गावचे. 1870-71च्या दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणाऱ्या अंमलदाराला आपण देव केलं. सरकारचा माणूस असाही असू शकतो, हे आपल्याला जत्रेतून लहानपणीच कळतं. तिथल्या लोकांना सरकारचा माणूस दिसला की आवाज खाली आणायचा, एवढं कळत होतं.

आता मंडाले. तिथे आम्हाला जो गाईड मिळाला तो पंचविशीतला मुलगा. नाव सांगत नाही. इंग्रजी चांगलं, स्वभाव लाघवी, म्हाताऱ्या मंडळींना हात देऊन उतरवणारा. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "रत्नागिरी!" म्हणाला. "आमचा राजा तिथे आहे." त्यांचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 मध्ये राज्य घेतलं आणि त्याला पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. तिथेच तो 1916 मध्ये वारला, तिथेच त्याची समाधी. आणि बघा, टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. 1908 ते 1914 ते मंडालेला, थिबाच्याच जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगात. त्या सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. एकतीस वर्षं शिकवून हा जोड माझ्या ध्यानात आला नव्हता, तो त्या मुलाने दाखवला. मग त्याने विचारलं, "सर, तुम्ही राजाची समाधी पाहिली आहे का? कशी आहे?" मी गणपतीपुळ्याला चार वेळा जाऊन आलो होतो. समाधी पाहिली नव्हती. नाही म्हणालो.

दुपारी राजवाड्याकडे गेलो. चौकोनी किल्ला, एकेक बाजू दोन किलोमीटरची, भोवती रुंद खंदक, पाण्यात तटाचं प्रतिबिंब. फार देखणा. वाडा मात्र नवा. जुना 1945च्या लढाईत जळाला, हा लष्कराने नव्वदच्या दशकात उभारला. त्यासाठी आणि खंदक उपसायला लोकांना वेठीला धरलं होतं, असं मी नंतर वाचलं. परदेशी माणसाने फक्त पूर्वेच्या दरवाजाने आत जायचं, सरळ वाड्यापर्यंत, आणि तसंच परत. बाकी सगळी छावणी. दरवाजाजवळ भला मोठा लाल फलक, देश फोडणाऱ्यांना सैन्य आणि जनता मिळून चिरडतील अशा अर्थाचा.

मी विचारलं, तुरुंग कुठे? तो हळू म्हणाला, "सर, तो भाग आपल्याला बंद आहे. आता तिथे जुनं काही नाही." मला ते पटेना. मी एवढ्या लांबून आलेलो. मी जरा मोठ्याने म्हणालो, आमचा नेता इथे सहा वर्षं होता, तो इथे असताना त्याची बायको घरी वारली, पेन्सिलीने त्याने इथे एवढा ग्रंथ लिहिला, निदान जागा तरी लांबून दाखव. तुरुंग, तुरुंग, कैदी, नेता! वर्गात बोलतात त्या आवाजात बोललो. ज्या गावात त्या घटकेला माणसं राजकारणासाठी तुरुंगात होती, तिथे हे शब्द मी इतिहासाचे समजून उच्चारत होतो. तो म्हणाला, "प्लीज, सर." ही माझी बाही ओढत होती. आणि मी म्हणालो, मग त्या शिपायाला विचार ना!

तो गेला. पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून गेला असेल. शिपायाने ऐकून घेतलं, आमच्याकडे पाहिलं, त्याचं ओळखपत्र मागितलं, आत नेलं. दहा-पंधरा मिनिटांनी परत दिलं. तो हसतच आला. म्हणाला, "नाही म्हणतात, सर." संध्याकाळी त्याने आम्हाला ऊ बेनचा सागवानी पूल दाखवला, सव्वा किलोमीटर लांबीचा. सूर्यास्त सुंदर होता. मी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसराच गाईड आला. म्हणाला, त्याला बरं नाही.

आता खरंच बरं नसेल. थंडीचे दिवस होते, ताप येऊ शकतो. आमच्यातल्या बहुतेकांनी तसंच धरलं. एक निवृत्त बँकवाले म्हणाले, "सर, तुम्ही उगाच मनाला लावून घेता, आपण पैसे भरलेत." सगळ्यांनी वर्गणी करून त्याच्यासाठी पाकीट तयार केलं होतं. नव्या गाईडने ते घेतलं, देतो म्हणाला. पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. बसमध्ये हिने मला एकच विचारलं, "तुम्हाला ती जागा बघून काय करायचं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. शाळेत मुलांना सांगायचं होतं म्हणावं, तर शाळा सुटली होती.

बगानची हजारो देवळं पुढे पाहिली. ती सांगत बसलो तर तुमचा चहा गार होईल. तिथे सायकलच्या बाजूला सीट जोडलेली गाडी चालवणारा एक जण म्हणाला, तुम्ही येत नाही तेव्हा आमची चूल पेटत नाही, ते बहिष्कारवाले येऊन आम्हाला भात घालतात का? हेही ऐकलं. सरकारने तिकिटाचे दहा डॉलर घेतले, त्याने दिवसाचे पाच. दोन्ही माझ्याच खिशातले. यातलं कुठलं पारडं जड, हा हिशेब मी आजवर सोडवलेला नाही, आणि मुलं आता विचारतात, सर, अमुक देशात जावं का, तेव्हा मी जा किंवा जाऊ नका असं सांगत नाही. एवढंच सांगतो की तुमच्या मागे तिथे राहणाऱ्या माणसाला उत्तरं द्यावी लागतील असा प्रश्न भर चौकात विचारू नका. रात्री जेवताना त्याने आपणहून सांगितलं, तर ऐका.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सू ची सुटल्या. डिसेंबरात आम्ही दोघं मुद्दाम रत्नागिरीला गेलो. थिबा राजवाडा पाहिला, आणि विचारत विचारत वस्तीतली ती समाधी शोधली. फोटो काढले, धुवून घेतले. पाठवायचे कुठे? त्याचा पत्ता नव्हता. यात्रा कंपनीला लिहायचं म्हटलं, पण परदेशातून आलेलं पाकीट पुन्हा त्यालाच भोवलं तर? ते फोटो राहिले. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले, पेपरात छायाचित्र होतं. मला वाटलं, चला, आता दिवस बदलले, आता पाठवू. त्यातही आळस झाला. मग 2021च्या 1 फेब्रुवारीला लष्कराने पुन्हा सगळं हातात घेतलं.

2025च्या 28 मार्चला मंडालेजवळ 7.7 तीव्रतेचा भूकंप झाला. टीव्हीवर तो तट ढासळलेला दिसला, इरावतीवरचा जुना पूल पाण्यात पडलेला दिसला. मी त्यात तुरुंगाची जागा शोधत होतो, सवयीने. ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, तो मुलगा आता चाळीशीचा झाला असेल."

सेक्रेटरी खुणावताहेत, चहा आलाय. थांबतो.